वंगणबाई आणि चौथा पेला

वंगणबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते कारखान्यात पडलं. रंगखात्यातले म्हणत, आम्ही ठेवलं. जोडणीखात्यातले म्हणत, तुमची काय बिशाद, आम्ही ठेवलं. बाईंचं म्हणणं असं, की ज्याने कुणी ठेवलं त्याला मी तेव्हाच चांगलं फैलावर घेतलं होतं, आता छाती पुढे काढून काय उपयोग! पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे पुढे तर ‘वंगणबाई, मोटार कारखाना’ एवढ्या पत्त्यावर पत्रं पोचायला लागली, तेव्हा बाईंनी तक्रार करणं सोडून दिलं.

एकतीस वर्षं त्या कारखान्याच्या तेलकोठीत होत्या. तेलकोठी म्हणजे अंगणाच्या कडेची एक लांबट खोली. एका भिंतीला पिंपं, दुसऱ्या भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर तपकिरी काचेच्या बाटल्यांच्या रांगा. इंजिनाचं तेल, गिअरचं तेल, ब्रेकचं तेल, इंजिन थंड ठेवणारं कूलंट, बॅटरीचं पाणी, असं जे जे काही वाहतं ते पिंपातून बाटलीत काढायचं आणि ज्या खात्याला हवं त्याला मोजून द्यायचं. काम साधं वाटतं. पण बाईंच्या हाताखालून एक थेंब इकडचा तिकडे गेला असेल तर शपथ. बाटली परत करताना कुणी ती पुसून आणली नाही, तर बाई ती त्याच्याच डगल्याला पुसत.

या कोठीत बाईंचं नाक घडलं. सुरुवातीला त्यांनाही त्याचा पत्ता नव्हता. पण वर्षानुवर्षं वीस तऱ्हेच्या तेलांत बसून त्यांना अशी काही सवय झाली, की एखादा कारागीर चिंधीवर बोटभर काळं तेल घेऊन आला की बाई चिंधी नाकाजवळ नेत, डोळे मिटत आणि सांगत, "पेट्रोल उतरतंय यात." किंवा, "क्लच जळतोय. शिकाऊ माणसाच्या हातात दिलीत का गाडी?" एकदा तर बड्या साहेबांच्या गाडीचं तेल हुंगून त्यांनी सांगितलं, की इंजिनात पाणी शिरलंय, आणि ही गाडी साहेब चालवत नाहीत, साहेबांचा मेहुणा चालवतो. मेहुण्याचा वास तेलाला कसा लागला हे कुणी विचारलं नाही, कारण ते खरं निघालं.

कारखाना बंद पडला तेव्हा बाई घरी बसल्या. बसल्या म्हणजे काय, नवऱ्याच्या नाकी नऊ आणले. नवरा पोस्टातून निवृत्त झालेला, शांत, उशिरा उठणारा माणूस. बाईंनी त्याला तीन महिन्यांत घरातले सगळे नळ बदलायला लावले. चौथ्या महिन्यात कारखान्याचं संग्रहालय होणार अशी बातमी आली आणि त्याने सुटकेचा श्वास टाकला.

संग्रहालय छान झालं. कारखान्यातून बाहेर पडलेली पहिली गाडी, जिला सगळे प्रेमाने ‘डबा’ म्हणत, ती घासूनपुसून मधोमध उभी केली. जुनी यंत्रं जागच्या जागी ठेवली. आणि नव्याने नेमलेल्या संचालक मॅडमनी (वय बत्तीस, चालणं पळण्यासारखं, बोलणं त्याहून जोरात) जुन्या कामगारांना शोधून शोधून बोलावलं. बाईंना तेलकोठी परत मिळाली. दर शनिवारी लोक आपापल्या गाडीचं तेल चिंधीवर घेऊन येत, रांगेत उभे राहत, आणि बाई ते हुंगून गाडीचं दुखणं सांगत. लांबलांबून लोक यायला लागले. काहींना गाडीसुद्धा नव्हती, ते शेजाऱ्याच्या गाडीचं तेल आणत. बाईंना आयुष्यात इतकं कुणी विचारलं नव्हतं. शनिवार म्हणजे त्यांना सणच वाटायचा. शुक्रवारी संध्याकाळीच त्या पांढरा डगला कडक इस्त्री करून खुंटीला टांगत.

आणि मग दोन वर्षांपूर्वी थंडीतापाने त्या आठवडाभर अंथरुणाला खिळल्या. ताप गेला, आणि जाताना नाकातला वास घेऊन गेला.

आधी वाटलं, सर्दी आहे, उतरेल. सर्दी उतरली, वास काही परतला नाही. साबणाची वडी, चहा, रॉकेल, कपाटातल्या डांबरगोळ्या, बाईंनी सगळं नाकाशी धरून पाहिलं. जणू काचेच्या पलीकडे ठेवलेलं! डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू, किंवा नाहीही येणार." एवढं सांगायला डॉक्टर कशाला हवा, असं बाई त्यांच्या तोंडावर म्हणाल्या आणि घरी आल्या.

नवऱ्याला लपवता आलं नाही. एकदा दूध उतू गेलं, जळलं, भांडं काळं ठिक्कर पडलं, आणि बाई ओट्याकडे पाठ करून निवांत मटार सोलत होत्या. नवरा बाहेरच्या खोलीतून खोकत आत आला.

"अगं, घर पेटलंय की काय?"

बाईंनी मागे वळून पाहिलं आणि मटाराची परातच खाली ठेवली. मग जे होतं ते सांगितलं. नवऱ्याने खिडक्या उघडल्या, भांडं भिजत घातलं आणि म्हणाला, "मॅडमना सांगून टाक एकदाचं."

"म्हणजे शनिवारी मला घरी बसवतील. तुमच्या तोंडाकडे बघत."

"माझं तोंड इतकं वाईट आहे?"

"चाळीस वर्षं बघतेय. एक दिवस सुट्टी नको?"

तर असं ठरलं, म्हणजे बाईंनी ठरवलं, की सांगायचं नाही. शनिवारी लोक येत. बाई चिंधी नाकाजवळ नेत, डोळे मिटत, आणि त्याच वेळी अंगठा आणि तर्जनीत तेल चोळत. खरखर लागली तर धातू झिजतोय. फेसाळ, ताकासारखं दिसलं तर पाणी. पातळ, बोटावरून पळणारं असलं तर पेट्रोल. मग हळूच विचारायचं, "सकाळी सुरू करताना धूर येतो का? कोणत्या रंगाचा?" माणूस भडाभडा सगळं सांगून टाकायचा आणि वर म्हणायचा, "काय नाक आहे हो तुमचं!" दुखण्याचं निदान बहुतेक वेळा बरोबरच निघे. पण बाईंना ते गोड लागेना. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला एक थेंब कमी दिला नव्हता, आणि आता दर शनिवारी डोळे मिटून लोकांना फसवायचं. घरी परतताना त्यांना चोरासारखं वाटे. कुणी ओळखीचं दिसलं तर त्या रस्ता ओलांडून पलीकडे जात.

हे असंच चाललं असतं. पण चाचणी शेडचं छप्पर गळायला लागलं.

चाचणी शेड म्हणजे कारखान्याची शान. उंच, लांबलचक, वर काचेचं छप्पर, खाली गाड्या तपासायचे खड्डे. प्रत्येक गाडी दारातून बाहेर पडण्याआधी इथे उभी राहिलेली. आता निम्म्या काचा तडकल्या होत्या आणि डब्यावर ताडपत्री टाकावी लागत होती. निधी हवा होता. मॅडमच्या डोक्यातून एक भन्नाट कल्पना निघाली. आसपास वाईन, बिअर, सफरचंदाची सायडर असं काय काय बनवणारी आठ मंडळी होती. त्यांनी आपापलं पेय द्यायचं, लोकांनी तिकीट काढून शेडमध्ये यायचं, एकेक घोट चाखायचा, कोणतं कुणाचं ते न कळता पसंती द्यायची, आणि जमेल तो पैसा छपराला.

इथपर्यंत ठीक होतं. मॅडम पुढे म्हणाल्या, "आणि काकू, मुख्य चवपारखी तुम्ही! मंचावर. प्रत्येक पेयाचा आधी वास घ्यायचा आणि दोन शब्द बोलायचं. लोक तेवढ्यासाठी येतील."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, मला तेलातलं कळतं. दारूतलं काय कळतंय?"

"नाक ते नाकच की!" मॅडम म्हणाल्या आणि पळाल्या. दुसऱ्या दिवशी गावभर पत्रकं लागली. त्यांवर बाईंचं चित्र होतं. चित्रकाराने बाकीच्या चेहऱ्यावर फार कष्ट घेतले नव्हते, सगळी हौस नाकावर भागवली होती.

पुढचे पंधरा दिवस बाई संग्रहालयाच्या आसपास फिरकल्या नाहीत. बैठकीला बोलावलं की डोकं दुखे. पेल्यांची मांडणी बघायला बोलावलं की पाहुणे येणार असत. गुरुवारी मॅडमचा निरोप आला, की बाटल्यांना रंगीत रिबिनी बांधायच्यात, तुमचा हात बसलेला आहे, याल का? बाईंनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. त्या दिवशी गुडघा ठणठणीत होता. त्याच गुडघ्यावर त्या संध्याकाळी भाजी आणायला तीन गल्ल्या चालून गेल्या.

नवरा म्हणाला, "नाही म्हणून टाक."

"पत्रकं लागलीत हो."

"पत्रकं काय, माझ्या पोस्टात रोज पोतंभर यायची. कुणी वाचत नाही."

वाचली होती. कार्यक्रमाच्या दुपारी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तपासणीचे खड्डे फळ्या टाकून झाकले होते, त्यांवर टेबलं, टेबलांवर पांढरे कागद. तडकलेल्या काचांतून ऊन उतरून डब्याच्या पितळी दिव्यांवर पडलं होतं. अगदी पुढच्या टेबलावर मानाच्या जागी जुनी मंडळी बसली होती, अकरा जण. फोरमन तर कोट घालून आला होता. हा फोरमन नोकरीत असताना कुणाला बरं म्हणेल तर देवाशप्पथ. त्याची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "चालेल". नवरा मागच्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात, बाईंपेक्षा जास्त घाबरलेला.

मंचावर बाईंसाठी खुर्ची, समोर छोटं टेबल, हातात माइक. मॅडमनी सगळी पेयं कारखान्याच्या जुन्या तपकिरी बाटल्यांत ओतून घेतली होती. बाटल्या उकळून, धुऊन, लखलखीत केलेल्या. "इथली हवा यावी म्हणून," मॅडम म्हणाल्या. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला निराळ्या रंगाची रिबीन, म्हणजे कोणतं पेय कुणाचं ते कळायला नको. मदतनीस टेबलाटेबलावर पेले भरत, लोक चाखत, आणि मंचावर बाई बोलत.

पहिला पेला लाल रिबिनीचा. बाईंनी तो नाकाजवळ नेला, डोळे मिटले. काही नाही. एक घोट घेतला. आंबट. वास नसला तरी जिभेला आंबट, गोड, कडू एवढं तरी कळायचं.

"हे," त्या माइकमध्ये म्हणाल्या, "पहिल्यांदा चावतं, मग माफी मागतं."

शेड हसून दणाणली. दुसरा पेला जांभळ्या रिबिनीचा. "याला घाई नाही. हे सासरी नांदणारं आहे." टाळ्या. तिसरा पांढऱ्या रिबिनीचा, वर बोटभर फेस. "बोलणंच फार, काम कमी." एका टेबलावर बिअरवाला कपाळाला हात लावून बसला आणि आजूबाजूचे त्याच्या पाठीवर थापा मारू लागले. बाईंना वाटलं, जमतंय की! अजून पाच ढकलायचे. ढकलू.

चौथी बाटली टेबलांवर फिरून झाल्यावर मॅडमनी स्वतः मंचावर आणली. "आणि ही हिरवी!" असं म्हणून बाईंच्या समोरचा पेला भरला आणि बाटली टेबलावर ठेवली.

बाईंनी बाटलीकडे पाहिलं आणि त्यांचा हात जागच्या जागी राहिला.

बाकीच्या बाटल्यांना दुकानातल्या चकचकीत रिबिनी होत्या. हिच्या गळ्यात रिबीन नव्हती. जाड मांजरपाटाची पट्टी होती, हिरवी, तेलाने काळपटलेली, आणि तिला एकाखाली एक अशा दोन गाठी. ती पट्टी बाईंनी स्वतः कातरलेली होती. त्या दोन गाठी बाईंच्या हातच्या होत्या.

हिरव्या पट्टीची गोष्ट कारखान्यात सगळ्यांना माहीत होती, पण कुणी फारशी बोलत नसे. बाई नोकरीला लागल्या त्या वर्षीची. ऐन उन्हाळ्यात एक फिटर तहानलेला कोठीत आला. फळीवर बाटली होती. कूलंटची. बाईंनीच भरून ठेवली होती, चिठ्ठी लावायची राहिली होती. कूलंट गोड असतं. त्याला वाटलं, बाईंनी सरबत केलंय. अर्धी बाटली पिऊन तो म्हणाला, "वा, छान गोड आहे." तो वाचला, पण मूत्रपिंडं कायमची अधू झाली, नोकरी गेली, आणि तिशीतला माणूस पुढे काठी टेकत चालू लागला. बाईंना कुणी काही बोललं नाही. त्यांनीच दुसऱ्या दिवशी मांजरपाटाचा तागा आणून हिरवा रंगवला. कूलंटच्या प्रत्येक बाटलीला हिरवी पट्टी, आणि दोन गाठी, म्हणजे अंधारात हात लागला तरी कळावं. नव्याने लागणाऱ्या प्रत्येक माणसाला पहिल्या दिवशी कोठीत उभं करून त्या म्हणवून घेत, "हिरवी पट्टी तोंडाला नाही." साहेब लोकांकडूनसुद्धा.

आणि संग्रहालयाच्या कपाटात बघायला म्हणून कूलंटने भरलेली एक बाटली अजून ठेवलेली होती. तशीच तपकिरी. आतला हिरवा रंग इतक्या वर्षांत विटून पिवळट पडलेला. बाईंनी पेल्याकडे पाहिलं. पेल्यातलं पिवळट होतं.

त्यांनी पेला नाकाशी नेला. जोरात श्वास ओढला. पुन्हा ओढला. आयुष्यात कशासाठी केली नसेल इतकी मनधरणी त्यांनी त्या नाकाची केली. काही नाही. काच, गारवा आणि काही नाही.

समोरच्या दुसऱ्या टेबलावर एका माणसाने पेला ओठांना लावला आणि शेजारणीला म्हणाला, "वा, छान गोड आहे."

"थांबा!" बाई ओरडल्या. माइक हातातच होता, त्यामुळे वरच्या काचासुद्धा थरथरल्या. "कुणी पिऊ नका! पेले खाली ठेवा! सगळ्यांनी!"

टेबलांवर पेल्यांचा खणखणाट झाला. मॅडम मंचावर धावत आल्या. "काकू, काय झालं? कसला वास येतोय?"

हा प्रश्न विचारायला नको होता. दोन उत्तरं बाईंच्या जिभेवर तयार होती. कूलंटचा येतोय, असं म्हटलं की झालं. लोक थांबतील, आणि नाक शाबूत राहील. पण ते कूलंट नसलं तर? साठसत्तर माणसं उगाच इस्पितळाकडे पळतील आणि ज्या कुणाचं हे पेय असेल त्याच्या नावाला जन्माचा डाग. दुसरं उत्तर, काही नाही, जरा चक्कर आली. पण ते कूलंट असलं तर? हा विचार मनात आला तशी बाईंच्या डोळ्यांसमोर काठी टेकत चालणारा तो फिटर उभा राहिला. शनिवार गेला. जाऊ दे.

"मला वास येत नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे यात काही नाही ना?"

"मला कशाचाच वास येत नाही, मॅडम. दोन वर्षं झाली. ताप आला त्यात गेला." माइक अजून तोंडाशीच होता आणि शब्द न् शब्द मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. "दर शनिवारी मी तुम्हाला खोटं सांगत आले. या बाटलीला कारखान्याची विषाची पट्टी आहे, आणि आत काय आहे ते मला ओळखता येत नाही. नाक असलेलं कुणीतरी या. लवकर या."

"मी तर संपवलं!" गोडवाला माणूस किंचाळला. त्याच्या शेजारणीने त्याच्या पाठीत गुद्दे घालायला सुरुवात केली, कशाने काय होणार होतं देव जाणे.

फोरमन उठला. कोटाचं बटण लावलं, मंचावर चढला, बाईंच्या हातातला पेला घेतला, हुंगला.

"सफरचंद," तो म्हणाला.

"अहो, सायडर आहे ती!" कोपऱ्यातून एक बाई तावातावाने उभी राहिली. "माझी आहे! विष काय म्हणता!"

तोपर्यंत मॅडम तेलकोठीत पळाल्या होत्या. परत आल्या त्या धापा टाकत. कपाटाला कुलूप होतं आणि कूलंटची बाटली आत जागच्या जागी उभी होती, गळ्यात पट्टी मात्र नव्हती. घडलं होतं ते असं, की दुकानात सातच रंगांच्या रिबिनी मिळाल्या. आठवी बाटली राहिली. मॅडमना गुरुवारी कपाटातल्या बाटलीला ही पट्टी दिसली, त्यांनी ती गाठींसकट अलगद वर सरकवून काढली आणि इकडे अडकवली. "मला वाटलं, जुनी आहे, शोभून दिसेल," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "तुम्ही आला असतात तर तुम्हालाच विचारलं असतं, काकू."

लोकांना आधी हायसं वाटलं, मग हसू फुटलं. गोडवाला माणूस उभा राहून आपण जिवंत असल्याचं सगळ्यांना सांगू लागला. हास्याची एक मोठी लाट शेडभर फिरली. ती बाईंना हसत नव्हती, पण बाईंना तसंच वाटलं. त्या खुर्चीवर बसल्या. कान तापले होते. गुरुवारी लबाडी केली नसती तर हे झालंच नसतं, हेही त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"मॅडम," माइक बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "शनिवारसाठी दुसरं कुणी बघा. डगला धुऊन आणून देते."

मागच्या रांगेतून नवरा वाट काढत पुढे येत होता आणि दर चार पावलांवर कुणाच्या तरी खुर्चीला अडत होता.

एवढ्यात ती सायडरवाली पुढच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिचा राग अजून उतरला नव्हता. "आणि हे काय? सगळ्यांनी माझी सायडर घेतली, आवडली म्हणतात. या टेबलावर कुणी शिवलंसुद्धा नाही! तुम्ही लोक तर बाईंनी थांबवायच्या आधीपासून नुसते बसलात. मी बघत होते."

बाईंनी मान वर केली. खरंच की. जुन्या मंडळींच्या टेबलावर अकरा पेले काठोकाठ भरलेले होते. लाल, जांभळा, पांढरा, सगळे त्यांनी तळापर्यंत संपवले होते. ही मंडळी फुकटच्या घोटाला नाही म्हणणारी नव्हती. चौथा तेवढा तसाच. बसलेली सगळी माणसं चोरी पकडल्यासारखी टेबलाकडे बघत होती. रंगखात्यातला एक जण म्हणाला, "मला वाटलं, मी एकटाच येडा. म्हणून बोललो नाही."

"मलाही तसंच वाटलं," त्याच्या शेजारचा म्हणाला.

"पण तुम्हाला तर वास येतो ना?" सायडरवालीने फोरमनला विचारलं. "मघाशी तुम्हीच म्हणालात सफरचंद. मग आधी का नाही प्यायलात?"

फोरमन अजून मंचावरच होता, हातात बाईंचा पेला धरून. तो तिला उत्तर द्यायला वळला नाही. बाईंकडे बघूनच बोलला.

"वास आला होता, बाई. बाटली उघडली तेव्हाच आला. चांगला खणखणीत सफरचंदाचा. तरी हात पुढे जाईना. पट्टी तुमची होती." एवढं सलग बोलायची त्याला सवय नव्हती. "माझं नाक चुकू शकतं. तुमची पट्टी एकतीस वर्षांत कधी चुकली नाही."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही. दोन वर्षं ज्या नाकासाठी त्या जिवाचं रान करत होत्या, त्या नाकाचं या अकरा माणसांना काही पडलेलं नव्हतं. त्यांचा विश्वास बाईंवर होता. इतका, की समोर सफरचंदाचा वास दरवळत असताना ही माणसं मुकाट तहानलेली बसून राहिली होती. बाईंना इतकं भरून आलं, की बोलायला शब्द सापडेनात, आणि हे त्यांच्या बाबतीत नवऱ्याच्या आठवणीत पहिल्यांदाच घडत होतं.

"आता तर कळलं ना सायडर आहे?" सायडरवाली टेबलावरच्यांना म्हणाली. "घ्या की मग!"

कुणी हललं नाही. रंगखात्यातल्याने पेल्याला बोट लावलं आणि परत काढून घेतलं.

"तसं नाही जमायचं," फोरमन म्हणाला. त्याने पेला बाईंच्या पुढे धरला. "बाई, तुम्ही घ्या आधी. तुम्ही घेतलीत की ही घेतील."

"मला काही कळत नाही हो यातलं. आत काय आहे ते मी सांगू शकत नाही."

"मी सांगतोय ना. सफरचंद आहे."

बाईंनी पेला घेतला. आत काय आहे ते त्यांना या क्षणीही ठाऊक नव्हतं; फोरमन सफरचंद म्हणतो, एवढंच हाती होतं. त्यांनी पेला नाकाशी नेला नाही. डोळे मिटले नाहीत. सगळ्यांच्या देखत तोंडाला लावला आणि चांगला मोठा घोट घेतला. थंड होतं, गोड होतं, घशाला थोडं झोंबलं.

"चालेल," बाई म्हणाल्या.

आणि पुढच्या टेबलावरचे सगळे पेले एकदम उचलले गेले.